तेराव्या ठोक्याची बाग

सुट्टीत मामाच्या गावी एखादा सवंगडी भेटतो. महिनाभर त्याच्याशी गट्टी जमते आणि जून उजाडला की निरोप घ्यावा लागतो. पुढच्या उन्हाळ्यात भेटावे तर तो वीतभर उंच झालेला असतो. आता अशी कल्पना करा, की तुमचे वर्षभर नव्हे, एका रात्रीचेच अंतर पडले आणि सवंगडी मात्र खरोखरच वर्षाने मोठा झाला!

फिलिपा पिअर्स या इंग्रज लेखिकेच्या 'टॉम्स मिडनाइट गार्डन' या १९५८ सालच्या कादंबरीत असेच घडते. भावाला गोवर आला म्हणून टॉमला उन्हाळ्याच्या सुट्टीत नातलगांकडे धाडतात. त्या जुन्या घरातले मोठे घड्याळ एका रात्री तेरा ठोके देते. टॉम मागचे दार उघडतो, तर दिवसा जिथे कचऱ्याचे डबे असतात तिथे चांदण्यातली मोठी बाग! तिथे त्याला हॅटी भेटते. ती मागच्या शतकातली पोरकी मुलगी आहे. टॉम रोज रात्री जातो. त्याचे वय तेच राहते. हॅटी मात्र भराभर वाढते, तरुण होते, बार्टी नावाच्या तरुणाकडे तिचे मन ओढले जाते आणि टॉम तिला हळूहळू दिसेनासा होतो.

टॉम घरच्या अंकलना काळाविषयी विचारतो. ते समजावू पाहतात, पण त्याला काही उमगत नाही. (आम्हा प्राध्यापकांचे वर्गात पुष्कळदा असेच होते.) तेव्हा हे काम आपणच करून पाहू या.

दोन घड्याळे वेगवेगळ्या गतीने चालू शकतात, हे आइन्स्टाइनने १९०५ साली दाखवले. वेगाने जाऊन परत येणाऱ्याचे घड्याळ घरी बसलेल्याच्या घड्याळापेक्षा मागे पडते. किती पटीने, याचे सूत्र असे:

पट = १ ÷ √(१ − वे²/प्र²)

इथे 'वे' हा प्रवाशाचा वेग आणि 'प्र' हा प्रकाशाचा. टॉमचा एक महिना आणि हॅटीची दहा वर्षे धरू. म्हणजे पट झाली १२०. सूत्र उलटे सोडवले तर वे/प्र = ०.९९९९६५ येते. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर जातो. टॉमचा वेग त्याहून सेकंदाला जेमतेम दहा किलोमीटरने कमी असायला हवा. बागेच्या दारातून चालत जाणाऱ्या मुलाला हे कसे जमावे! पण निसर्गाने ते वर्ज्य मानलेले नाही.

हॅटीच्या बाबतीत हिशेब असा तत्त्वतः जुळतो. घराच्या बाबतीत मात्र तो नेमका उलटा होतो. टॉम बागेत तासन् तास खेळून परततो, तर घरातल्या घड्याळात काही मिनिटेच गेलेली असतात. म्हणजे प्रवासी जास्त जगला आणि घरचे कमी! वेगामुळे असे कधीच होत नाही. गुरुत्वाकर्षणामुळे होऊ शकते, कारण खालचे घड्याळ वरच्यापेक्षा मंद चालते. पण तासांपुढे मिनिटे मंदावायची तर ते घर कृष्णविवराच्या काठाशी बांधावे लागेल. आणखी एक अडचण आहे. बागेतले एक झाड टॉमच्या डोळ्यांदेखत वादळात कोसळते आणि नंतरच्या एका भेटीत ते पुन्हा उभे असते. सापेक्षतावाद भविष्याकडची वाट आखूड करून देतो. काळ असा मागे-पुढे उलटसुलट करत नाही.

आपल्या पुराणात ककुद्मी राजाची गोष्ट आहे. मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला तो ब्रह्मलोकी गेला, क्षणभर थांबला, आणि परतला तो पृथ्वीवर युगे लोटलेली. या गोष्टीत दिशा बरोबर आहे! म्हणून आपल्या पूर्वजांना सापेक्षतावाद ठाऊक होता असे मात्र कोणी म्हणू नये. सूत्र नाही, मोजमाप नाही. आहे ती सुंदर कल्पना.

आता कादंबरीतला माझा सर्वांत आवडता भाग. हॅटी टॉमला वचन देते, की ती आपले बर्फावर घसरण्याचे स्केट्स खोलीतल्या कपाटाच्या फळीखाली ठेवील. टॉम आपल्या काळात फळी उचकटतो, तर स्केट्स तिथे आहेत! काही दशके ते सेकंदाला एक सेकंद या गतीने, तुमच्या-आमच्यासारखेच, भविष्यात चालत आले. इथवर सारे भौतिकशास्त्रात बसते. पुढे टॉम तेच स्केट्स घेऊन बागेत जातो आणि गोठलेल्या नदीवर दोघेही घसरत ईली गावापर्यंत जातात. हॅटीच्या पायांत जो जोड, तोच टॉमच्या पायांत!

कागदावर काळाची आडवी रेघ काढा आणि त्या जोडाचा मार्ग पेन्सिलीने दाखवा. तो हॅटीपासून उजवीकडे टॉमपर्यंत जातो, वळून डावीकडे येतो, पुन्हा उजवीकडे जातो. त्या हिवाळ्यातल्या दिवशी उभी रेघ मारली तर ती या मार्गाला एकाहून अधिक वेळा छेदते. त्या दिवशी जगात एक जोड लोखंड जास्त झाले, टॉमच्या काळात तेवढेच कमी. वस्तुमान-ऊर्जा अक्षय्य असते, या नियमाची ही गाठ कशी सोडवायची? गोष्टीत तर्काची विसंगती नाही, हे लक्षात घ्या. अडचण आहे ती हिशेबाची. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काळात वळसा घेऊन परत येणारे मार्ग निघू शकतात, हे कुर्ट गोडेलने १९४९ साली दाखवले. पण त्यासाठी त्याने कल्पिलेले विश्व आपल्या विश्वासारखे नव्हते. निसर्ग असे वळसे होऊच देत नसावा, असा तर्क हॉकिंगने १९९२ साली मांडला. तो अजून सिद्ध झालेला नाही.

भविष्याकडची वाट मात्र मोजलेली आहे. १९७१ साली आण्विक घड्याळे विमानातून जगाभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली ५९ नॅनोसेकंद मागे पडली. पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली, कारण तिथे उंची आणि पृथ्वीचे फिरणे दोन्हींचा वाटा होता. विश्वकिरणांतून जन्मणाऱ्या, क्षणात विघटन पावणाऱ्या कणांवर हीच कसोटी लावता येईल, हे होमी भाभांनी १९३८ सालीच सुचवले होते. आज आपण त्या कणांना म्यूऑन म्हणतो.

ती कसोटी तुम्हीच घ्या. म्यूऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद असते आणि तो साधारण १५ किलोमीटर उंचीवर जन्मतो. त्याचा वेग प्रकाशाच्या ०.९९८ पट धरा. काळ मंदावत नसता, तर एवढ्या आयुष्यात तो किती मीटर आला असता? आणि वरच्या सूत्राने किती येतो?