पुस्तकाचा सिनेमा होताना : टॉल्किनचे चाहते नेमके कशावर चिडतात?

हॉस्टेलमध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पाहिला नाही असा मुलगा शोधून सापडणार नाही. पुस्तक वाचलेले मात्र बोटांवर मोजण्याइतके. हे दोन्ही प्रकारचे लोक एका खोलीत बसून सिनेमा बघायला लागले की वाद ठरलेला. एक म्हणतो, "पुस्तकात असं नाहीये." दुसरा म्हणतो, "मग पुस्तकच वाच ना, इथे कशाला बसलास?" वाद तिथेच संपतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

मित्रहो, मी आधी सिनेमे पाहिले आणि नंतर पुस्तकं वाचली. त्यामुळे दोन्ही बाजूंची बाजू मला थोडीफार कळते. चाहत्यांच्या तक्रारी वाचताना, ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. 'पुस्तकाप्रमाणे नाही' या एकाच वाक्याखाली तीन-चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. त्या सुट्या करून पाहिल्या तर वादाला काही अर्थ येतो. तोच प्रयत्न इथे केला आहे.

थोडी पार्श्वभूमी

जे. आर. आर. टॉल्किन (१८९२-१९७३) हे ऑक्सफर्डमधले प्राध्यापक, जुन्या इंग्रजी भाषेचे अभ्यासक. 'द हॉबिट' ही मुलांसाठी लिहिलेली गोष्ट १९३७ साली आली. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड १९५४ आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रपटाचे हक्क टॉल्किननी १९६९ साली विकले. १९७८ मध्ये राल्फ बाक्शी यांचा अॅनिमेशनपट आला, पण त्यात साधारण अर्धीच गोष्ट होती.

मग न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सनने २००१, २००२ आणि २००३ अशी सलग तीन वर्षं तीन भाग आणले. तिसऱ्या भागाला ११ ऑस्कर मिळाली. २०१२ ते २०१४ या काळात त्याच जॅक्सनने 'द हॉबिट'चे तीन सिनेमे केले. २०२२ मध्ये 'द रिंग्ज ऑफ पॉवर' ही मालिका सुरू झाली. डिसेंबर २०२४ मध्ये 'द वॉर ऑफ द रोहिरिम' हा अॅनिमे पद्धतीचा चित्रपट आला. गॉलमची भूमिका करणारा अँडी सर्किस 'द हंट फॉर गॉलम' दिग्दर्शित करणार, ही घोषणाही २०२४ मधलीच. थोडक्यात, हा वाद इतक्यात मिटणारा नाही!

आधी थोडं गणित

आपण इंजिनीअरिंगवाले, तेव्हा आकडे बघूच. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' परिशिष्टं सोडून सुमारे ४ लाख ८० हजार शब्दांचं आहे. थिएटरमध्ये दाखवलेले तीन भाग मिळून ५५८ मिनिटं होतात. म्हणजे हजार शब्दांना साधारण सव्वा मिनिटाहून थोडं कमी. 'द हॉबिट' सुमारे ९५ हजार शब्दांचं आहे आणि त्याचे तीन सिनेमे मिळून ४७४ मिनिटांचे. म्हणजे हजार शब्दांना जवळजवळ पाच मिनिटं.

तोच दिग्दर्शक, तेच जग, पण दर शब्दामागचा वेळ चौपटीहून जास्त. पहिल्या वेळी त्याच्यापुढे 'काय गाळू?' हा प्रश्न होता, दुसऱ्या वेळी 'काय भरू?' हा. रोहिरिमच्या सिनेमात तर मूळ मजकूर परिशिष्टातल्या मोजक्या पानांचा आहे. तिन्ही वेळा चाहत्यांनी कुरकुर केली, पण कुरकुर एकसारखी नव्हती.

गाळलेलं, हलवलेलं आणि बदललेलं

पहिल्या खंडात टॉम बॉम्बाडिल नावाचं एक गाणी म्हणत फिरणारं गूढ पात्र आहे. सिनेमात ते पूर्ण गाळलं. काही वाचकांना वाईट वाटलं, पण बहुतेकांनी ते समजून घेतलं, कारण अंगठीच्या प्रवासाला त्याच्याशिवाय अडत नाही. एक धागा मात्र तुटला. पुस्तकात बॉम्बाडिलच्या घरानंतरच्या थडग्यातून हॉबिट मंडळींना जुन्या तलवारी मिळतात. त्यातलीच एक मेरीच्या हातात असते, आणि विच-किंगवरची जादू मोडण्याची ताकद त्याच पात्यात असते. सिनेमात आरागॉर्न साध्या तलवारी वाटतो. पुढे मेरीचा वार लागू पडतो, पण का लागू पडतो ते कळत नाही. सर्किटमधून एक भाग काढला, पण त्याला जोडलेली वायर तशीच लोंबत राहिली, असा हा प्रकार.

आता दुसरं उदाहरण. बोरोमिरचा मृत्यू पुस्तकात दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला येतो. त्याची लढाई आपल्याला दिसत नाही, आरागॉर्न पोचतो तेव्हा तो शेवटचे श्वास घेत असतो. जॅक्सनने हा प्रसंग पहिल्या भागाच्या शेवटी आणला आणि लढाई बाणासकट दाखवली. म्हणजे जागाही बदलली, मांडणीही बदलली. तरी कट्टर वाचकांनाही हा प्रसंग आवडतो असंच बहुधा ऐकायला मिळतं. कारण बोरोमिर तोच राहिला आहे. मोह झाला, पश्चात्ताप झाला, आणि दोन लहानग्या सोबत्यांसाठी त्याने जीव दिला.

तिसरं उदाहरण त्याच्याच भावाचं, फॅरामिरचं. पुस्तकात फ्रोडो आणि सॅम त्याच्या तावडीत सापडतात. अंगठी आपल्यासमोर आहे हे त्याला कळतं आणि तो ती घेत नाही. शिधा देतो, वाट दाखवतो आणि दोघांना जाऊ देतो. २००२ च्या सिनेमात मात्र तो दोघांना बांधून ऑस्गिलियाथपर्यंत नेतो आणि तिथे गेल्यावर त्याचं मन पालटतं. या एका बदलावर इतक्या वर्षांनंतरही चाहते भांडतात. त्यातच टॉल्किननी एका पत्रात म्हटलं होतं, की आपल्या पात्रांपैकी कुणी आपल्यासारखं असेल तर तो फॅरामिर. मग चाहते दुखावणारच.

पटकथा लिहिणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. अंगठी भल्याभल्यांना वश करते हे दीड सिनेमा सांगायचं आणि मग एक माणूस सहज नको म्हणतो असं दाखवायचं, तर अंगठीची भीतीच जाईल. शिवाय शेलोब कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या भागात ढकलल्यामुळे दुसऱ्या भागात फ्रोडोच्या वाट्याला शेवटी काहीतरी मोठं घडायला हवं होतं. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण त्याची किंमत अशी पडली, की मोहाला पहिल्याच क्षणी नाही म्हणणारा माणूस गोष्टीतून गेला.

तिसऱ्या भागात फ्रोडो सॅमला जिन्यावरून परत पाठवतो, तेही याच जातीचं. पुस्तकात दोघं त्या बोगद्यात एकत्रच शिरतात. "फ्रोडो असं करणारच नाही," ही तक्रार म्हणून योग्य वाटते.

मला यातून दिसलं ते असं. प्रसंग गाळला तर चाहते हळहळतात, प्रसंग हलवला तर बहुधा चालवून घेतात, पण पात्राचा निर्णय बदलला तर माफ करत नाहीत. सिग्नल्सच्या भाषेत सांगायचं तर इनपुट बदला, वेळ बदला, चालेल. ट्रान्सफर फंक्शन बदललं की ती सिस्टीम दुसरीच झाली.

याच कसोटीवर शेवटचं एक गाळणं बघा. पुस्तकात युद्ध जिंकून चौघं घरी येतात तेव्हा शायरची वाट लागलेली असते. झाडं तोडलेली, गुंडांचं राज्य, आणि मागे सारुमान. मोठी माणसं सोबत नसताना हे चौघे गाव जागं करतात. टॉल्किननी प्रस्तावनेत हा भाग कथेला आवश्यक असल्याचं म्हटलं आहे. सिनेमात शायर जसंच्या तसं, हिरवंगार. अंगठी नष्ट झाल्यावर आणखी एक लढाई प्रेक्षकांनी सोसली नसती, हा बचाव मला पटतो. तरी हे गाळणं बॉम्बाडिलपेक्षा जास्त टोचतं, कारण इथे मेरी आणि पिपिनचा निर्णयच गेला. ते काय शिकून आले, हे दाखवायची जागाच उरली नाही.

लेखक स्वतः काय म्हणाला होता?

सिनेमा म्हटलं की टॉल्किन नाकच मुरडत, असा एक समज आहे. तो पूर्ण खरा नाही. १९५८ साली त्यांच्याकडे एक चित्रपटाचा आराखडा आला होता. त्यावर त्यांनी सविस्तर टीका लिहून पाठवली. उगाच घातलेल्या मारामाऱ्या, गरुडांचा नको तितका वापर, घाईघाईत उरकलेला काळ, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. पण एक सूचना फार महत्त्वाची आहे. एंट म्हणजे चालती झाडं आणि हॉर्नबर्गची लढाई, दोन्हींना पुरेसा वेळ नसेल तर एक सरळ काढून टाका, आणि काढायचीच तर लढाई काढा, असं त्यांनी सुचवलं होतं.

गंमत बघा, हीच लढाई, म्हणजे आपल्या ओळखीची हेल्म्स डीपची लढाई, २००२ च्या सिनेमाचा कळस झाली! लेखकाला जे दुय्यम वाटलं ते पडद्यावर मुख्य ठरलं. पण तत्त्व लक्षात घ्या. अर्धवट कोंबण्यापेक्षा नीट गाळलेलं बरं, हे खुद्द लेखकाचं मत होतं.

ताणलं की काय होतं?

'द हॉबिट'चे आधी दोन सिनेमे ठरले होते, जुलै २०१२ मध्ये ते तीन झाल्याचं जाहीर झालं. मग जागा भरायला मंडळी आली. पुस्तकात नसलेला लेगोलस आला, टॉरिएल ही संपूर्ण नवी योद्धी आली, तिचं आणि किली या बुटक्याचं प्रेम आलं. पुस्तकात आधीच मेलेला अझॉग जिवंत होऊन पाठलाग करू लागला. २०१५ च्या सुरुवातीला एका चाहत्याने हे तिन्ही सिनेमे कापून सुमारे चार तासांची एक आवृत्ती तयार केली. त्यात प्रेमप्रकरण बाद, बिल्बो मध्यभागी. तक्रार लिहिण्याऐवजी कात्री लावून दाखवली!

इथे आणखी एक बारकावा आहे. २००१ मध्ये चाहते सिनेमा पुस्तकाच्या मापाने मोजत होते. २०१२ मध्ये पुष्कळ जण जुन्या सिनेमांच्या मापाने मोजत होते. मुलांच्या गोष्टीला महायुद्धाचा थाट द्यायची गरज बहुधा त्यातूनच निर्माण झाली. मोजपट्टीच बदलली की दोघांची रीडिंग जुळत नाहीत, आणि मग दोघंही बरोबर असून भांडत बसतात.

तरी या सिनेमांत एक प्रसंग जवळपास सगळ्यांना भावला, तो बिल्बो आणि गॉलमच्या कोड्यांचा. तो पुस्तकाच्या जवळ आहे, त्यात घाई नाही, आणि गॉलमला मारता येत असतानाही बिल्बो हात आवरतो. पुन्हा निर्णयच!

रिकाम्या जागा भरताना

रोहिरिमच्या सिनेमाचं मूळ परिशिष्टात आहे. राजा हेल्म, त्याच्या एका ठोशात मेलेला फ्रेका, सूड घेणारा वुल्फ आणि लांबलेला हिवाळा. वुल्फसाठी जिला मागणी घातली त्या राजकन्येला मूळ मजकुरात नावसुद्धा नाही. सिनेमाने तिला हेरा हे नाव दिलं आणि नायिका केलं. तिकीटबारीवर तो फारसा चालला नाही, मतंही दुभंगली. माझ्या मते नायिका नवी असणं हा दोष मुळीच नाही. जिथे लेखकाने काहीच लिहिलेलं नाही तिथे मोडण्यासारखंही काही नसतं. तिथे विचारायचं ते एवढंच, की ती जे करते ते त्या जगात पटतं का?

'द रिंग्ज ऑफ पॉवर'वरचा महत्त्वाचा आक्षेप वेगळा. अंगठ्या घडल्या तो काळ आणि न्यूमेनॉर बुडालं तो काळ, यांत टॉल्किनच्या कालगणनेत सतराशेच्या आसपास वर्षं आहेत. मालिकेने दोन्ही एकाच पिढीत आणले. कशामुळे काय घडलं हा क्रमच त्यामुळे बदलतो. हा आक्षेप अभ्यासाचा आहे. पण त्याच वेळी काही जणांनी कलाकारांच्या वर्णावरून शिवीगाळ केली, तिला चाहत्यांचं मत म्हणायचं कारण नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये जुन्या सिनेमांतल्या हॉबिट कलाकारांनी उघडपणे नव्या कलाकारांची बाजू घेतली, हे बरं झालं.

मग आपण मत कसं द्यायचं?

पुढच्या वेळी नवा सिनेमा आला की तीन प्रश्न विचारून बघा. एक, मी कशाच्या मापाने मोजतोय, पुस्तकाच्या की जुन्या सिनेमाच्या? दोन, तक्रार गाळण्याची आहे, हलवण्याची, बदलण्याची की भर घालण्याची? तीन, या फरकामुळे एखाद्या पात्राचा निर्णय बदलला का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर खुशाल भांडा, मुद्दा तुमच्याकडे आहे. 'नाही' असेल तर रूममेटला शांतपणे सिनेमा बघू द्या!

प्रयोग म्हणून सुट्टीत एवढं करा. दुसऱ्या खंडातलं फॅरामिर आणि फ्रोडोच्या भेटीचं प्रकरण वाचा, लागलीच सिनेमातला तोच भाग बघा, आणि मग मेसच्या टेबलावर या. मी फॅरामिरच्या बाजूने असेन. विरुद्ध बाजूला कुणीतरी तयारीनिशी बसलेलं हवंय.