संवेदनशील त्वचा आणि शामक सिरम : पारख व प्रयोगविधी

चेहऱ्यास लावावयाचे सिरम आता मोठ्या शहरांपुरते मर्यादित राहिलेले नाही. धामणगाव बढे (ता. मोताळा, जि. बुलढाणा) यांसारख्या गावीही ते मागितले जाते आणि ‘चेहऱ्याला काहीच सोसत नाही, हे लावून पाहू का?’ हा प्रश्न वैद्यांपुढे व औषधविक्रेत्यांपुढे येतो. असे सिरम कोणास द्यावे, कसे पारखावे व आपल्या कोरड्या हवेत कसे लावावे, याचा विचार या लेखात आम्ही करीत आहोत.

सिरमचे स्वरूप

शामक सिरममध्ये जलांश पुष्कळ व स्नेहांश अत्यल्प असतो. ग्लिसरीन, हायल्युरॉनिक आम्ल व पॅन्थेनॉल ही द्रव्ये त्वचेच्या बाह्य थरात पाणी धरून ठेवतात. नियासिनामाइड, मंडूकपर्णी व कोरफड यांची योजना दाह व रक्तिमा कमी करण्यासाठी असते. मंडूकपर्णीला आपल्याकडे कारिवणा म्हणतात. कित्येक जण तिलाच ब्राह्मी म्हणतात, पण जलब्राह्मी ही वनस्पती वेगळी. म्हणून वेष्टनावर केवळ ‘ब्राह्मी’ असे असल्यास वनस्पतीचे शास्त्रीय नाव पाहावे. ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाची सिरम शामक नव्हेत. संवेदनशील त्वचेस ती देऊ नयेत.

पाणी धरणारे द्रव्य पाणी निर्माण करीत नाही, हे ध्यानी ठेवावे. कोकणच्या दमट हवेत एकटे सिरम पुरेसे वाटू शकते. बुलढाण्याच्या चैत्र-वैशाखातील रूक्ष, उष्ण वाऱ्यात कोरड्या चेहऱ्यावर लावलेले तेच सिरम लवकर सुकते, त्वचा ओढल्यासारखी होते आणि रुग्ण म्हणतो, ‘सिरम लागले नाही.’ दोष पुष्कळदा द्रव्याचा नसून लावण्याच्या रीतीचा असतो.

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, बाविसाव्या अध्यायात, मुखालेपाचे दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे तीन प्रकार सांगितले आहेत. लेप ओला असेपर्यंतच गुणकारी असतो, सुकल्यावर तो छवी बिघडवतो. म्हणून तो भिजवून काढावा व नंतर अभ्यंग करावा, असे तेथे सांगितले आहे. सिरम हा लेप नव्हे. तथापि आधी आर्द्रता व त्यावर स्नेह हा क्रम त्यासही लागू पडतो. ग्रीष्मातील मुखालेपासाठी कुमुद, उत्पल, दूर्वा, ज्येष्ठमध व चंदन अशी शीत द्रव्ये सांगितली आहेत, म्हणजे ऋतुविचारही तेथे आहेच.

प्रथम कारणाचा शोध

दाह, टोचणी, ओढ, कंडू व रक्तिमा ही लक्षणे सांगणाऱ्या प्रत्येकाची त्वचा प्रकृतीनेच संवेदनशील असते, असे मानू नये. पित्तप्रकृती, ऊन, धूळ, लिंबाचा रस, तीव्र साबण यांचा विचार करावाच. परंतु ‘याआधी चेहऱ्यास काय लावत होता?’ हा प्रश्न सर्वांआधी विचारावा आणि शक्य तर ट्यूब वा डबी आणावयास सांगावी.

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुकेंद्री अभ्यासात चेहऱ्याच्या त्वचाविकाराचे २९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइडयुक्त मलम वापरीत होते. अशा मलमाने आरंभी चेहरा उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि मलम थांबविताच लाली व आग उफाळते. याच काळात सिरम सुरू केले, तर सारा दोष सिरमवर जातो आणि रुग्ण पुन्हा मलमाकडे वळतो. मलम सोडल्यावर त्रास काही आठवडे वाढू शकतो, हे त्यास आधीच सांगावे. दीर्घकाळ मलम वापरणाऱ्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

दुसरा धोका पाऱ्याचा. लगतच्या अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन व्यक्तींना गोरेपणाच्या क्रीमच्या वापरानंतर वृक्कविकार जडल्याचे वृत्त २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झाले. त्या क्रीममध्ये पारा आढळला होता. सौंदर्यप्रसाधन नियम २०२० नुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत अनवधानाने आलेला पारा दहा लाखांत एका भागाहून अधिक असता कामा नये. असे क्रीम वापरणाऱ्याच्या चेहऱ्यावर वा पायांवर सूज असेल, मूत्रास फेस येत असेल, तर सिरमचा विचार बाजूस ठेवून मूत्रातील प्रथिने त्वरित तपासून घ्यावीत.

प्रयोगविधी

१. कोपराच्या आतील बाजूस रुपयाएवढ्या जागी सिरम दिवसातून दोनदा, सात दिवस लावावे. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया दोन ते चार दिवसांनीही उमटते. म्हणून एका रात्रीची परीक्षा अपुरी होय.

२. तेथे काही न उमटल्यास कानापुढे, जबड्याच्या कडेस तीन दिवस लावावे.

३. त्यानंतर संपूर्ण चेहऱ्यावर, केवळ रात्री. चेहरा साध्या पाण्याने धुऊन, तो ओलसर असतानाच दोन-तीन थेंब टिपावेत, चोळू नयेत.

४. सिरम सुकण्यापूर्वी त्यावर स्नेहाचा पातळ थर द्यावा. रूक्ष त्वचेस ताजे शतधौत घृत. तेलकट वा पिटिकायुक्त त्वचेस घृत टाळून सुगंधरहित हलके क्रीम.

५. या काळात दुसरे कोणतेही नवे प्रसाधन सुरू करू नये. अन्यथा गुण कोणाचा व दोष कोणाचा, हे कळत नाही.

क्षणभराची चुणचुण थांबून गेल्यास चिंता नको. लाली टिकली, कंडू वा पुरळ आले, तर सिरम तत्काळ बंद करावे. स्रवणारे व्रण, पूययुक्त पिटिका, अथवा सांधेदुखीसह गालांवरील लाल चट्टे असल्यास प्रयोग करूच नये. तसेच सिरम उन्हापासून रक्षण करीत नाही. कापूस वेचणीस जाणाऱ्या भगिनींनी चेहऱ्यावर ओढणी वा रुमाल घ्यावाच.

औषधविक्रेत्यांसाठी

घटकद्रव्यांची यादी, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना व मुदत नसलेली बाटली दुकानात ठेवू नये. ‘हर्बल’ हा शब्द निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. चंदनादी सुगंधी तेलेही संवेदनशील त्वचेस बाधू शकतात. केंद्र शासनाने २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री थांबविणारी अधिसूचना काढली आहे; तिचे पालन कटाक्षाने व्हावे.

गावात रुग्ण प्रथम येतो तो ओळखीच्या वैद्याकडे वा दुकानदाराकडे. त्याच्या हाती बाटली देण्यापूर्वी विचारलेला एक प्रश्न व सात दिवसांची परीक्षा यांस खर्च काहीच येत नाही. मात्र त्या टाळल्यास रुग्णास त्याची किंमत स्वतःच्या चेहऱ्याने, प्रसंगी वृक्काने मोजावी लागते.