घसरलेल्या भावाला हात : अमेरिकेतील फेंटानिलचे संकट आणि आपली जबाबदारी



ह. उमर फारूक (रजि.) यांच्या खिलाफतीच्या काळातील एक प्रसंग तफ्सीर इब्ने कसीरमध्ये सूरह अल-मोमिनच्या प्रारंभीच्या आयतींखाली आला आहे. शाम प्रदेशातील एक पराक्रमी गृहस्थ ह. उमर (रजि.) यांच्या भेटीस येत असे. पुढे त्याचे येणे थांबले. खलीफांनी त्याची चौकशी केली, तेव्हा तो मद्याच्या आहारी गेल्याचे कळले. ह. उमर (रजि.) यांनी लेखनिकाला बोलावले आणि त्या गृहस्थास पत्र लिहविले. त्यात सलाम होता, आणि अल्लाह अपराधांची क्षमा करणारा, तौबा स्वीकारणारा व कठोर शिक्षा देणाराही आहे, या आशयाची याच सूरहची तिसरी आयत होती. मग त्यांनी उपस्थितांना आपल्या या भावासाठी दुआ करण्यास सांगितले. पत्र पोहोचले. तो गृहस्थ ते पुनःपुन्हा वाचत राहिला, रडला आणि त्याने मद्य सोडले. ही वार्ता कळल्यावर ह. उमर (रजि.) म्हणाले की, आपला भाऊ घसरलेला दिसला तर असेच वागा, त्याला सावरा, त्याला धीर द्या, त्याच्यासाठी दुआ करा आणि त्याच्याविरुद्ध शैतानाचे साहाय्यक होऊ नका.

या शिकवणीच्या प्रकाशात आज आपण अमेरिकेतील एका भयंकर संकटाचा अभ्यास करणार आहोत. देश दूरचा आहे, परंतु त्यातून मिळणारा धडा आपल्या मोहल्ल्यासाठी आहे.

फेंटानिल म्हणजे काय?

फेंटानिल हे मुळात औषध आहे. बेल्जियममधील डॉ. पॉल यान्सन यांनी ते १९६० च्या सुमारास तयार केले. ते मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तीव्र आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी आणि कर्करोगाच्या असह्य वेदना शमविण्यासाठी डॉक्टर ते अत्यंत मोजून वापरतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रुग्णालयात वैद्यकीय देखरेखीखाली, गरजेपुरते दिलेले वेदनाशामक म्हणजे व्यसन नव्हे. आपल्या घरातील कर्करोगग्रस्त वडीलधाऱ्यांना ‘नशेचे औषध’ म्हणून वेदनेत तळमळत ठेवणे, हा दीनचा आदेश नाही.

संकट निर्माण झाले ते बेकायदा फेंटानिलमुळे. चीनमधून आलेल्या रसायनांपासून मेक्सिकोतील गुन्हेगारी टोळ्या ते बनवितात आणि चोरट्या मार्गाने अमेरिकेत पाठवितात. हेरॉइनमध्ये ते मिसळले जाते. त्याहून भयंकर म्हणजे, यंत्रावर दाबून हुबेहूब औषधाच्या दुकानातल्यासारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्या केल्या जातात. परीक्षेचा ताण, निद्रानाश किंवा पाठदुखी यांवर उपाय म्हणून एखादा विद्यार्थी ओळखीच्या मुलाकडून किंवा मोबाइलवरील संपर्कातून एक गोळी मिळवितो. ती त्याला औषधच वाटते. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेच्या मते केवळ २ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढे फेंटानिल प्राणघातक ठरू शकते. याच यंत्रणेने २०२३ मध्ये तपासलेल्या दर १० बनावट गोळ्यांपैकी ७ गोळ्यांत एवढी किंवा याहून अधिक मात्रा आढळली.

२०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे दगावली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश मृत्यूंमागे मुख्यतः फेंटानिल होते. या आकड्यांतील प्रत्येक जण कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी आई, कोणाचा तरी भाऊ होता.

दीनचा निर्णय

दिव्य कुरआनने सूरह अल-माइदाच्या ९० व ९१ या आयतींत मद्याला शैतानी कृत्यांतील घाण म्हटले आहे आणि शैतान त्याद्वारे माणसामाणसांत वैर पेरतो व अल्लाहच्या स्मरणापासून रोखतो, असे बजावले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक मादक वस्तू मद्यातच गणली आणि जिची मोठी मात्रा नशा आणते तिची अल्प मात्राही हराम ठरविली. ह. उम्मे सलमा (रजि.) यांच्या कथनात तर नशा आणणाऱ्या वस्तूंसोबत शरीर सुस्त करणाऱ्या वस्तूंचाही निषेध आहे. ‘कुरआनात गोळीचे नाव कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर यात आले. प्राण आणि बुद्धी यांचे रक्षण हे शरीअतच्या मूलभूत उद्दिष्टांपैकी आहे, आणि ही गोळी दोहोंवर घाला घालते.

विक्रेत्याचा अपराध आणखी मोठा आहे. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा उघडकीस आणणारे आणि फसविणारा आपल्यापैकी नाही, असे सुनावणारे प्रेषित (स.) आपणास ठाऊक आहेत. ओले धान्य खाली लपविणाऱ्यास हा इशारा असेल, तर औषधाच्या रूपात मृत्यू विकणाऱ्याचे काय होईल, याचा विचार करावा.

निर्णय स्पष्ट आहे. परंतु निर्णय सांगून आपले कर्तव्य संपत नाही. ह. उमर (रजि.) यांना मद्य हराम असल्याचे ठाऊक होते, तरीही त्यांनी पत्र लिहिले. अमेरिकेतील सामान्य माणसांनी या संकटाला तोंड देताना जे केले, त्याचे महत्त्व येथेच आहे.

पहिले काम : मौन सोडणे

घरात असा मृत्यू झाला की लोक कारण लपवीत. ‘हृदय बंद पडले’ एवढेच सांगितले जाई. मग काही आईबापांनी ठरविले की, आपली लाज जपण्यापेक्षा दुसऱ्याचे मूल जपणे अधिक मोलाचे आहे. कॅलिफोर्नियातील एका कुटुंबाचा तरुण मुलगा २०२० मध्ये एका बनावट गोळीने गेला. त्या आईवडिलांनी त्याच्या नावाने ‘सॉन्ग फॉर चार्ली’ ही संस्था उभारली. बनावट गोळ्यांविषयीची खरी माहिती ती तरुणांना व पालकांना देते. अशा असंख्य पालकांनी शाळांत जाऊन, मुलांची छायाचित्रे हाती घेऊन हेच सांगितले की, दुकानाबाहेर मिळालेली गोळी औषध समजू नका.

वाचकहो, आपल्यातही हे मौन आहे. इमाम म्हणून मी अनेक जनाज्यांच्या नमाजी पढविल्या आहेत. तरुण मुलाच्या जनाज्याला दफनभूमीत कोणी काही विचारत नाही आणि घरचे काही सांगत नाहीत, हे मी पाहिले आहे. दोष झाकणे हा आपला आदब आहे, मृताची निंदा हराम आहे, हे खरेच. परंतु दोष झाकणे वेगळे आणि धोका झाकणे वेगळे. नाव न घेता धोका सांगता येतो, आणि सांगितलाच पाहिजे.

दुसरे काम : श्वास वाचविणे

फेंटानिल मेंदूतील ज्या ठिकाणी चिकटते, तेथून श्वसनावर परिणाम होतो. श्वास मंदावतो, थांबतो आणि मेंदूला प्राणवायू मिळत नाही. माणूस हलवूनही जागा होत नाही, बुबुळातील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, ओठ व नखे निळसर किंवा राखाडी पडतात, घशातून घरघर येते. नालोक्सोन नावाचे औषध फेंटानिलला तेथून दूर सारते आणि काही मिनिटांत श्वास परतू शकतो. त्याचा प्रभाव लवकर ओसरतो, म्हणून रुग्णवाहिका बोलावावीच लागते आणि कधी दुसरी मात्राही द्यावी लागते. शरीरात असा पदार्थ नसेल, तर या औषधाने सहसा अपाय होत नाही.

हे औषध पूर्वी डॉक्टरांच्याच हाती असे. १९९६ मध्ये शिकागोतील डॅन बिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते थेट व्यसनी माणसांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या हाती देण्यास सुरुवात केली, कारण श्वास थांबतो तेव्हा जवळ तेच असतात. त्यांच्यावर टीका झाली. काम मात्र पसरत गेले. ग्रंथालये, शाळा, प्रार्थनास्थळे यांतून ते औषध ठेवले जाऊ लागले. मदतीसाठी फोन करणाऱ्यास अटकेची भीती वाटू नये, म्हणून २००७ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने प्रथम कायदा केला आणि नंतर बहुतेक राज्यांनी तो कित्ता गिरविला. २०२३ मध्ये नालोक्सोनचा नाकातील फवारा चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी मिळाली.

‘यामुळे व्यसनाला प्रोत्साहन मिळत नाही का?’ हा प्रश्न तेथे विचारला गेला आणि आपल्या मनातही येईल. त्याचे उत्तर दीनमध्ये आहे. सूरह अल-माइदाच्या ३२ व्या आयतीचा आशय असा की, एका जीवाला वाचविणे हे जणू साऱ्या मानवजातीला वाचविणे होय. या आयतीने जीव वाचविण्यापूर्वी त्याचे आचरण तपासण्याची अट घातलेली नाही. दुसरे असे की, प्रेषितवचनानुसार मृत्यूची घरघर लागेपर्यंत दासाची तौबा स्वीकारली जाते. ज्याचा श्वास थांबला, त्याला तौबेची संधी उरली नाही. श्वास परत आणणारा मनुष्य त्याच्यासाठी तौबेचे दारच उघडे ठेवतो.

तिसरे काम : जमातीत परत आणणे

वाचलेला माणूस उद्या पुन्हा त्याच गल्लीत जाणार असेल, तर काम अपुरे राहिले. व्यसन केवळ इच्छाशक्तीचा अभाव नव्हे. ते मेंदूला जखडणारा आजारही आहे. त्यावर औषधोपचार आहेत, समुपदेशन आहे आणि सोबत आहे. अमेरिकेतील मुस्लिमांनी या सोबतीची परंपरा उभारली आहे. १९८९ मध्ये बाल्टिमोर येथे ‘मिल्लती इस्लामी’ हा गट सुरू झाला. व्यसनमुक्तीच्या प्रसिद्ध बारा पायऱ्यांना त्याने इस्लामी शिकवणीच्या चौकटीत बसविले. मिनेसोटा राज्यात सोमाली मुस्लिमांची मोठी वस्ती आहे. तेथे ‘निय्याह रिकव्हरी इनिशिएटिव्ह’सारख्या संस्था आपल्याच भाषेत, आपल्याच श्रद्धेच्या आधाराने माणसांना सावरत आहेत. नावच पाहा : निय्यत. सर्व कृत्यांचा आधार निय्यतीवर आहे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो.

मद्यपानासाठी वारंवार शिक्षा झालेल्या एका सहाबींना कोणी शाप दिला, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्याला रोखले आणि हा अल्लाहवर व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, अशी साक्ष दिली. सहीह बुखारीतील हा प्रसंग लक्षात ठेवा. शिक्षा झाली, पण नाते तोडले गेले नाही.

२०२४ मध्ये अमेरिकेतील असे मृत्यू सुमारे ८० हजारांवर आले. या घटीची कारणे अनेक आहेत; नालोक्सोनचा प्रसार त्यांपैकी एक मानला जातो. आकडा आजही हृदय पिळवटणारा आहे, परंतु प्रयत्न वाया जात नाहीत, हे यातून दिसते.

आपल्या अंगणात

हे संकट आपल्यापासून पूर्णतः दूरही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सांताक्रूझच्या वाकोला भागात फेंटानिल म्हणून १०० किलोंचा साठा पकडल्याची बातमी मुंबईकरांनी वाचली होती. जानेवारी २०२५ मध्ये फेंटानिलसाठी लागणारी रसायने पाठविल्याच्या आरोपावरून सुरतच्या दोन कंपन्यांवर न्यूयॉर्कच्या न्यायालयात आरोपपत्र दाखल झाले. आपल्या वस्त्यांतील विष बहुधा वेगळे आहे : मुंबईत एमडी, मालेगावात ‘कुत्ता गोळी’, ठिकठिकाणी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या. नावे वेगळी, पण औषधाच्या वेषात येणारी नशा आणि घराघरांतील मौन तेच.

महाराष्ट्रात सावरणाऱ्या हातांचीही परंपरा आहे. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘मुक्तांगण’ आजही माणसे उभी करीत आहे. केंद्र शासनाची १४४४६ ही निःशुल्क मदतवाहिनी आहे. उपचार स्वतःहून स्वीकारणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अल्प मात्रेच्या प्रकरणांत खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे. कोणी बेशुद्ध होऊन श्वास अडखळताना दिसला, तर त्याला झोपू देऊ नये. १०८ किंवा ११२ वर फोन करावा, त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि काय घेतले असेल ते डॉक्टरांपासून लपवू नये. तेथे लपविलेली लाज जीव घेऊ शकते.

मशिदीच्या विश्वस्तांना नम्र विनंती आहे की, वर्षातून काही जुमे या विषयासाठी राखावेत, डॉक्टरांना बोलवावे आणि व्यसन सोडून परतलेल्या तरुणास पहिल्या सफमध्ये जागा द्यावी. मातापित्यांनी मुलाच्या खिशाइतकीच त्याच्या मनाचीही विचारपूस करावी. ह. उमर (रजि.) यांनी आधी त्या गृहस्थाची अनुपस्थिती ओळखली होती; सावरणे त्यानंतर आले. आपल्या सफमधून कोण दिसेनासे झाले आहे, हे आपणास ठाऊक आहे का?

घरातील चर्चेसाठी प्रश्न

१. डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक आणि मित्राने दिलेली गोळी यांत दीनच्या व वैद्यकाच्या दृष्टीने काय फरक आहे?

२. दोष झाकणे आणि धोका झाकणे यांतील भेद आपल्या घरातील उदाहरणाने सांगा.

३. आपल्या मुलाकडून चूक झाली, तर ती सर्वप्रथम आपणासच सांगावी, असे वातावरण आपल्या घरात आहे का?

४. या आठवड्यात आपण कोणाला ‘पत्र’ लिहिणार, म्हणजे कोणाची विचारपूस करणार?

हे अल्लाह, आमच्या मुलांच्या बुद्धीचे व प्राणांचे रक्षण कर. जे घसरले आहेत त्यांना तुझ्याकडे परतण्याची सद्बुद्धी दे आणि आम्हाला त्यांच्याविरुद्ध शैतानाचे साहाय्यक होऊ देऊ नकोस. आमीन.