चालू लिस्पशी एडिटरच्या गप्पा

चालू प्रोग्राम न थांबवता त्यातलं एखादं फंक्शन बदलता येतं, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थाप वाटली होती. आपल्याला सवय 'सी'ची. चूक सापडली की थांबवा, कंपाइल करा, पुन्हा पहिल्यापासून चालवा. पण लिस्पमधलं माझं सिम्युलेशन तीन तास चालल्यावर चूक दिसली, तेव्हा ही थाप खरी असावी असं फार वाटलं!

ईमॅक्ससाठीचं स्लाइम नेमकं हेच करतं. त्याचा एक भाग एडिटरमध्ये असतो. दुसरा, स्वँक, चालू लिस्पच्या आत सर्व्हर म्हणून बसतो आणि सहसा ४००५ या पोर्टवर वाट पाहतो. मध्ये साधा टीसीपी सॉकेट. एडिटरने पाठवलेलं फंक्शन स्वँक तिथल्या तिथे कंपाइल करतो, उत्तर त्याच वाटेने परत येतं. मेमरीतला डेटा जागेवरच राहतो. मात्र जे फंक्शन त्या क्षणी चालू आहे ते जुन्याच रूपात पूर्ण होतं, नवं रूप पुढच्या कॉलपासून.

मग मी हौसेने स्वतःचा छोटा क्लायंट लिहायला घेतला आणि फसलो. टीसीपी म्हणजे बाइटांची सलग धार, एक निरोप कुठे संपला हे ती सांगत नाही. म्हणून स्वँकला प्रत्येक निरोपाआधी त्याची लांबी सहा हेक्साडेसिमल अंकांत द्यावी लागते. इंग्रजीत सगळं दोन दिवस छान चाललं. मग एका स्ट्रिंगमध्ये 'नमस्कार' लिहिलं आणि जोडणी तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. अख्खी रात्र गेली. रूममेट म्हणाला, "अरे, मराठी काढून टाक ना!" ते काही मला पटेना.

घोळ मोजण्यात होता. 'नमस्कार' डोळ्यांना चार अक्षरं. युनिकोडच्या हिशेबाने सात, कारण हलन्त आणि काना वेगळे धरतात. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे २१ बाइट! मी सात मोजत होतो. लांबी १४ ने कमी भरायची, स्वँक तेवढाच तुकडा उचलायचा आणि उरलेल्या शेपटीचे पहिले सहा बाइट पुढच्या निरोपाची लांबी समजून वाचायचा. तेव्हा आधी यूटीएफ-८ करा, मग बाइट मोजा. आणि २१ बाइटांसाठी ००००१५ लिहायचं, ००००२१ नव्हे. हेक्स आहे ते.

होस्टेलच्या लॅनवर प्रयोग करणाऱ्यांनी सर्व्हर १२७.०.०.१ वरच ठेवावा. ज्याला जोडता आलं तो तुमच्या नावाने वाटेल तो कोड चालवू शकतो, अगदी फाइली उडवण्यापर्यंत. दुसऱ्या मशीनवरून हवंच असेल तर एसएसएच टनेल करा.