स्मेना : दोन कॅमेऱ्यांतून एकाची निवड

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. माझ्या थोरल्या मामांच्या घरात ते कमरेइतके होते. पाणी ओसरल्यावर कपाटातील अल्बम काढले, तर फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झालेला. निगेटिव्ह मात्र मामींनी स्वच्छ पाण्यातून काढून दोरीवर चिमट्यांनी वाळत घातल्या आणि त्यांतील बऱ्याच वाचल्या. त्यामुळे इतिहासाच्या प्रकल्पासाठी साताऱ्याजवळच्या संगम माहुलीपासून सांगलीजवळच्या हरिपूरपर्यंतचे कृष्णेचे घाट टिपायचे ठरले, तेव्हा मी फिल्मचाच हट्ट धरला.

मामांच्या माळ्यावर दोन रशियन कॅमेरे कोरडे राहिले होते. एक स्मेना ८ एम, दुसरा स्मेना सिम्बॉल. मामा भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीस होते. १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात पुढेही रशियन तंत्रज्ञ येत-जात असत. त्यांतील एकाने मायदेशी परतताना मामांना पहिला कॅमेरा विकला. दुसरा मामांनी मुंबईच्या चोरबाजारातून घेतला. प्रश्न एवढाच, की मी कोणता न्यावा?

दोघेही लेनिनग्राडच्या लोमो कारखान्याचे. ८ एम १९७० मधील, सिम्बॉल त्यानंतर वर्षाने आलेला. भिंग दोघांचे एकच, ४० मिलिमीटरचे, तीन काचांचे. शटरचा वेगही दोघांचा सेकंदाच्या पंधराव्या भागापासून अडीचशेव्या भागापर्यंत. प्रकाशमापक नाही, बॅटरीही नाही. अंतर डोळ्यांनी अजमावून लावायचे. फिल्मची संवेदनक्षमता भिंगाच्या कड्यावर लावली की छिद्र ठरते आणि ऊन, ढग, पाऊस यांच्या चित्रांवरून वेग ठरतो. माझ्या कॅमेऱ्यावर गोस्त या रशियन मापाचे आकडे आहेत. १०० आयएसओची फिल्म गोस्तमध्ये ९० होते आणि कड्यावर ९० नाहीच. ६५ आहे, १३० आहे. मी ६५ घेते, कारण निगेटिव्हला प्रकाश थोडा जास्त झाला तरी चालतो, कमी झालेला चालत नाही. ६५ ला छिद्र एफ ८ चे होते. अंतर ८ मीटरवर ठेवले की साधारण चार मीटरपासून दूरच्या डोंगरापर्यंत सारे स्पष्ट येते. घाटासाठी याहून अधिक काय हवे?

मग फरक कोठे? रोल पुढे सरकवण्यात. सिम्बॉलमध्ये एक खटका ओढला की फिल्म पुढे जाते व शटरही ताणले जाते. ८ एममध्ये ही दोन निराळी कामे आहेत. फिल्म मागच्या चाकाने सरकवायची, शटर भिंगाजवळच्या दांडीने ताणायचे. फिल्म सरकवायला विसरलात तर एकाच चौकटीत दोन चित्रे पडतात, आणि कॅमेरा तुम्हाला काही सांगत नाही.

कागदावर सिम्बॉल जिंकतो, हे उघड आहे. मीही तोच उचलला होता. मामा म्हणाले, “अगं, नाव बघून काय घेतेस? आधी पाठ उघडून बघ.” जुन्या वस्तूत आवृत्तीपेक्षा हातातला नग महत्त्वाचा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पाठ उघडून, भिंग उजेडाकडे धरून आम्ही दोन्ही शटर प्रत्येक वेगाला पाहिली. दोन्ही ठीक होती. मग एक जुना, मुदत संपलेला रोल सिम्बॉलमध्ये घालून पाहिला. खटका कधी पुरता ओढला जाई, कधी मध्येच घसरे. धुऊन आल्यावर चौकटी एकमेकींवर चढलेल्या. सुधारणारा कोणी कारागीर सांगली-साताऱ्यात मला सापडला नाही. मग ८ एम घेतला.

त्याचा पहिला रोल ३६ चित्रांचा होता, आणि धुण्यासाठी पुण्यास पाठवावा लागला. माहुलीच्या घाटावर मी माझ्या सातारच्या आजीला पायरीवर बसवून फोटो घेतला. लुगड्याचा पदर सावरीत ती म्हणाली, “नीट काढ गं, पुन्हा काही मी खाली उतरायची नाही.” तिचे गुडघे तेव्हाच थकले होते. मी चाक फिरवायला विसरले. पुढचा फोटो सांगलीत आयर्विन पुलावरचा. परत आलेल्या चौकटीत पुलावरून जाणाऱ्या सायकलस्वाराच्या अंगातून आजीचे लुगडे दिसते. तिचा चेहरा कठड्यात विरून गेला आहे.

त्यानंतर मी एक रीत बांधून घेतली. फोटो काढल्याबरोबर, कॅमेरा डोळ्यांवरून खाली येण्याआधी, चाक फिरवायचे. शटर मात्र चित्र घेतेवेळीच ताणायचे. रोलमागून रोल हीच रीत पाळली तेव्हा चौकटी बिघडणे थांबले.

आजी आता घाट उतरत नाही. परवा मी तिला घरच्या ओट्यावर बसवले, चार मीटरचे अंतर पावलांनी मोजले आणि ढगाचे चित्र लावले. तिने विचारले, “त्या वेळी आलाच नव्हता ना फोटो?” मी खरे ते सांगितले आणि चाक फिरवले.