लिनक्सवर स्टीम: केंदूरमध्ये बसून खर्च किती?

घरचा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि मुलाला गेम खेळायचे आहेत. नवा लॅपटॉप घेण्याआधी विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून त्यावर स्टीम हे गेमचे दुकान बसवून पाहा. मिंट फुकट, स्टीम फुकट, स्टीमचे खातेही फुकट. आधार, पॅन, दाखला काहीही लागत नाही. चालू ईमेल पुरतो. ‘लिनक्सचे लायसन्स’ किंवा ‘स्टीम अ‍ॅक्टिव्हेशन’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. असा आकार अस्तित्वातच नाही. पैसे जातात ते डेटावर, मजुरीवर आणि चुकीच्या ग्राफिक्स कार्डावर.

म्हणून आधी मशीन तपासा. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवण्याचे काम स्टीममधला प्रोटॉन करतो आणि त्याला ग्राफिक्समध्ये व्हल्कन १.३ लागते. वेगळे कार्ड नसेल तर इंटेलचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. पिढी नावातच असते: आय५-३४७० म्हणजे तिसरी, आय५-६५०० म्हणजे सहावी. कंपन्यांतून निघालेले जुने डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, पण त्यांत तिसरी-चौथी पिढी सर्रास असते. मग ‘हे कार्ड टाका, सगळे गेम चालतील’ म्हणून जीटी ७१० पुढे केले जाते. ते घेऊ नका. नवे-कोरे असले तरी ते व्हल्कन १.३ ला पुरत नाही आणि तुमचे पैसे बुडतात. रॅम किमान ८ जीबी असावी. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असेल तर उत्तम.

मिंट टाकायला लागणारा १६ जीबीचा पेनड्राइव्ह साधारण तीन-चारशे रुपयांना मिळतो. मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची आहे. ती फक्त मिंटच्या अधिकृत साइटवरून उतरवा आणि रुफस किंवा बलेना एचरने पेनड्राइव्हवर चढवा. आवृत्ती २२ घ्या, तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. हे सगळे घरी जमते. जमत नसेल तर केंदूरजवळच्या पाबळ, शिक्रापूर किंवा राजगुरुनगरच्या दुकानात फक्त टाकण्याची मजुरी आधी विचारा. तीनशे ते पाचशे रुपये ठीक. ‘ड्रायव्हरचे वेगळे, सॉफ्टवेअरचे वेगळे’ असे सुरू झाले की उठा. सुटा भाग हवा असेल तरच पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत जा, आणि बिल घेतल्याशिवाय निघू नका.

टाकताना एका पानावर थांबा: ‘डिस्क पुसून मिंट टाका’ की ‘विंडोजशेजारी टाका’. पहिला पर्याय निवडलात तर फोटो, सातबाऱ्याच्या पीडीएफ, दूध डेअरीचा हिशेब, सगळे जाते. आधी बाहेरच्या डिस्कवर प्रत काढा. लॅपटॉपवर टॅली, डिजिटल सही किंवा बोटाच्या ठशाचे यंत्र चालत असेल, तर विंडोज पुसूच नका. विंडोजचे डिस्क-कुलूप बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. काम अर्ध्या तासाचे आहे, पण मध्येच वीज गेली तर घोटाळा होतो. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून बसा, डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवर लावा.

एनव्हिडियाचे कार्ड असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून शिफारस केलेला ड्रायव्हर निवडा. एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर आधीच आलेले असतात. सिक्युअर बूट चालू असेल तर वाटेत एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो लिहून ठेवा. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्या. घाईत पुढे गेलात तर ड्रायव्हर चालू होत नाही.

आता सॉफ्टवेअर मॅनेजर उघडून स्टीम शोधा. फ्लॅटहबवरची आवृत्ती स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीची नाही, म्हणून सिस्टिम पॅकेज निवडा. स्टीममध्ये सेटिंग्ज, मग कम्पॅटिबिलिटी. तिथे इतर गेमसाठीचा स्टीम प्ले बंद दिसला तर चालू करा. गेम विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवर ठेवू नका, प्रोटॉन तिथे अडखळतो.

खरा खर्च इथून पुढे. काउंटर-स्ट्राइक २ फुकट आहे, लिनक्सवर थेट चालतो, पण डिस्कवर ८५ जीबी जागा मागतो. रोजच्या २ जीबीच्या मोबाइल पॅकवर एवढा डेटा भरायला सहा आठवडे लागतील. ३० एमबीपीएसच्या जोडणीवर सहा-सात तास. जोडणी घेताना जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरा: ५९९ चा प्लॅन हातात सुमारे ७०७ ला पडतो. जोडणी बसवण्याचे शुल्क आणि महिन्याची डेटा मर्यादा लेखी विचारा. वीज गेली तर चिंता नको, डाउनलोड जिथे थांबले तिथून सुरू होते. आणि एक चांगली सोय: मित्राकडे तोच गेम असेल, तर दोन्ही मशीन एकाच वाय-फायवर आणा आणि दोघांच्या स्टीम सेटिंग्जमध्ये स्थानिक नेटवर्कवरून गेम पाठवण्याची परवानगी द्या. डेटा जवळजवळ लागत नाही.

गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर त्याचे नाव टाकून शेरा पाहा. प्लॅटिनम, गोल्ड असेल तर घ्या. बोर्क्ड असेल तर सोडा. व्हॅलोरंट, फोर्टनाइट, पबजी: बॅटलग्राउंड्स लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लेजेंड्सने २०२४ मध्ये लिनक्सचे दार बंद केले. त्याच वर्षी जीटीए ५ चा ऑनलाइन भागही बंद पडला. मुलाला हेच खेळायचे असतील तर विंडोज ठेवा. बीजीएमआय फोनचा गेम आहे, तो स्टीमवर शोधू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा ‘राजी’ मात्र स्टीमवर मिळतो, पण तो विंडोजसाठीचा आहे. त्याचाही शेरा आधी पाहा.

किमती रुपयांत असतात, यूपीआय चालते. त्रयस्थाकडून वॉलेट कोड घेऊ नका. त्यावर कमिशन असते आणि कोड बाद निघाला तर दाद मागायला जागा नसते. गेम चालला नाही तर खरेदीपासून १४ दिवसांत, आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असताना, परतावा मागा. गेम उघडून तसाच सोडलात तरी ते दोन तास मोजले जातात. खाते तेरा वर्षांखालच्या मुलाच्या नावाने काढता येत नाही. ते तुमच्या नावावर ठेवा, स्टीम गार्ड तुमच्या फोनवर लावा आणि यूपीआय पिन मुलाला सांगू नका.