मासे पाहायला जाताना पैसा कुठे गळतो?

हिंगणा एमआयडीसीच्या आजूबाजूला लहानमोठी वर्कशॉप चालवणारे, फॅब्रिकेशन, फर्निचर, शिवणकाम, गॅरेज अशी कामे करणारे आणि किराणा-कापडाची दुकाने असलेले आपले पुष्कळ बांधव आहेत. पत्र्याचा भाव किलोमागे रुपयाने चढला तर त्यांच्या ताबडतोब लक्षात येते. परंतु वर्षातून एकदा बायकामुलांना घेऊन बाहेर पडले की हीच माणसे हिशेबाची वही घरी ठेवून जातात. परत आल्यावर गल्ला रिकामा दिसतो आणि पैसा कुठे गेला ते सांगता येत नाही. त्यातून मग "पुढच्या वर्षी कुठेच जायचे नाही" असा निकाल लागतो व मुलांची सहल बुडते. आमच्या मते हे गैर आहे. नागपूर जिल्ह्याला समुद्र नाही. शाळेच्या पुस्तकातला समुद्री मासा आपल्या मुलाने डोळ्यांनी पाहायचा तर मत्स्यालय हेच एक साधन आहे. म्हणून मत्स्यालयाच्या सहलीचा हिशेब आज मांडत आहोत.

बहुतेक माणसे काटकसर करायला बसली की तिकिटापासून सुरुवात करतात, आणि चूक तिथेच होते. सहलीच्या खर्चाची खाती पाच. प्रवास, मुक्काम, खाणे, प्रवेशाचे तिकीट, आणि दुकान किंवा काम बंद राहिल्याने बुडालेली कमाई. यात तिकीट सर्वांत लहान असते व पाचवे खाते कोणी लिहीतच नाही.

मात्र त्याही आधी एक चौकशी करावी लागते, ती म्हणजे मत्स्यालय उघडे आहे का? हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण मुंबईचेच उदाहरण पाहा. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले. मुंबई पाहून आलेल्या माणसाने ते पाहिले नाही असे सहसा होत नसे. 2015 मध्ये नूतनीकरण होऊन तिथे काचेचा बोगदाही आला. पण 2020 च्या कोविड काळात ते बंद झाले आणि इमारत जीर्ण झाल्याने त्यानंतरही बंदच राहिले. आपल्या मनात मात्र लहानपणी पाहिलेले तारापोरवाला अजून चालूच असते. आठशे किलोमीटर जाऊन बंद फाटक पाहिले तर केलेला सगळाच खर्च वाया. तेव्हा जिथे जायचे तिथे निघण्यापूर्वी चौकशी करावी, नाहीतर त्या शहरातल्या नातेवाइकाला एक फोन करावा. साप्ताहिक सुट्टीही विचारून घ्यावी, कारण ती रविवारी नसते आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी असते.

मुंबईलाच जायचे असेल तर आज भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, हा पर्याय आहे. तिथे मासे नव्हेत, पण काचेपलीकडे पाण्यात पोहणारे हम्बोल्ट पेंग्विन दिसतात. हे पक्षी 2016 मध्ये दक्षिण कोरियातील सोलहून आणले आणि मार्च 2017 पासून लोकांना पाहता येऊ लागले. (पेंग्विन हा मासा नाही, पक्षी आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे, मोठ्यांनाही सांगावे लागते.) बाग बुधवारी बंद असते. 2017 मध्ये ठरलेले दर असे : मोठ्या माणसाला 50 रुपये, 3 ते 15 वर्षांच्या मुलाला 25 रुपये आणि आईवडील व दोन मुले अशा चौघांचे कुटुंब तिकीट 100 रुपये.

समजा, नवरा-बायको, 13 वर्षांची मुलगी, 9 वर्षांचा मुलगा व 4 वर्षांचा धाकटा असे पाच जणांचे घर आहे. सुटी तिकिटे काढली तर 175 रुपये होतात. चौघांचे कुटुंब तिकीट काढून धाकट्याचे 25 वेगळे दिले तर 125. म्हणजे 50 रुपये वाचले. ते अवश्य वाचवावेत. खिडकीवर "फॅमिली तिकीट द्या" एवढेच म्हणायचे असते. परंतु दादरला उतरून भायखळ्यापर्यंत टॅक्सी केली तर हे पन्नास रुपये पहिल्या वळणावरच संपतात. लोकलने दुसऱ्या वर्गाचे पाच रुपयांचे तिकीट लागते आणि भायखळा स्टेशनहून बाग चालत जाण्याइतकी जवळ आहे.

आता प्रवासाच्या खात्याकडे वळू, कारण खरी रक्कम तिथे आहे. रेल्वेचा मुलांचा नियम 21 एप्रिल 2016 पासून बदलला, पण अनेकांच्या डोक्यात अजून जुनाच नियम आहे. पाच वर्षांखालील मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. 5 ते 12 वर्षांच्या आतील मुलाला बर्थ मागितला तर पूर्ण भाडे, नाही मागितला तर अर्धे. आरक्षणाचा अर्ज भरताना किंवा एजंटाकडे सांगताना हे स्पष्ट बोलावे लागते, नाहीतर बर्थ गृहीत धरून पूर्ण पैसे कापले जातात. आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाने नऊ वर्षांच्या मुलाला वडिलांच्या आणि धाकट्याला आईच्या बर्थवर घेतले तर पाच माणसांची साडेतीन भाडी होतात. नऊ वर्षांच्या मुलाचे जाण्यायेण्याचे अर्धे-अर्धे भाडे वाचते, म्हणजे दोन्ही मिळून जवळजवळ एक पूर्ण भाडे. कुटुंब तिकिटाच्या पन्नास रुपयांशी याची तुलना ज्याने त्याने करावी. एका रात्रीची अडचण सोसवते. मुलगा अंगाने थोराड असेल तर मात्र हा लोभ धरू नये, रात्रभर कोणालाच झोप येत नाही.

यात एक मेख आहे. ही अर्ध्या भाड्याची सोय बर्थच्या डब्यांत मिळते, खुर्चीच्या डब्यांत नाही. 16 सप्टेंबर 2024 ला नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सुरू झाली. गाडी झकास आहे, पण ती सगळी खुर्च्यांची. तिच्यात पाच वर्षांवरच्या प्रत्येक मुलाचे पूर्ण भाडे पडते. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलतही मार्च 2020 मध्ये थांबवण्यात आली, तेव्हा आजीला सोबत नेताना तिचे पूर्ण भाडे धरूनच अंदाज काढावा.

हिंगण्याच्या माणसाला हैदराबाद मुंबईपेक्षा बरेच जवळ पडते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. तिथल्या नेहरू प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय आहे, त्याचे तिकीट वेगळे असते आणि सोमवारी सर्व बंद राहते. दक्षिण एक्स्प्रेस, तेलंगणा एक्स्प्रेस या गाड्यांत बर्थचे डबे असल्याने वरचा नियम लागू पडतो. बांगड्यांचा व्यापार असेल तर चारमिनारजवळचा लाड बाजार आणि घाऊक मालासाठी बेगम बाजार तिथेच आहे, म्हणजे मालखरेदीची फेरी आणि मुलांची सहल एका भाड्यात होऊ शकते. शुक्रवार धरून गेलात तर सालारजंग संग्रहालय त्या दिवशी बंद असते, हेही ध्यानात ठेवावे. तेलंगणात बायकांना बस फुकट आहे हे ऐकून काही जण निघतात. ती सोय तिथल्या रहिवासी महिलांसाठी आहे, आपल्या घरच्यांसाठी नाही.

आपल्या घरच्यांची सवलत आपल्या एसटीत आहे. 17 मार्च 2023 पासून महिलांना राज्याच्या हद्दीत एसटीच्या सर्व गाड्यांत अर्धे तिकीट आहे. 5 ते 12 वर्षांच्या मुलांनाही अर्धे. 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे व 75 वरच्यांना प्रवास मोफत. आता तेच कुटुंब पाहा. वडिलांचे एक, आईचे अर्धे, मोठ्या मुलीचे अर्धे, मुलाचे अर्धे, धाकटा फुकट. पाच माणसे अडीच तिकिटांत. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, इथे सिद्धार्थ उद्यानात लहानसे मत्स्यालय आहे आणि ते मध्यवर्ती बसस्थानकापासून जवळच आहे. उतरल्यावर रिक्षाचा खर्च नाही. हिमरूचे विणकाम पाहण्यासारखे आहे, कापडाच्या धंद्यातल्या माणसाने तर पाहावेच. प्रवास रात्रभराचा व थकवणारा आहे हे मान्य. पण ज्या कारागिराची जमा रक्कम कमी आहे त्याला आम्ही हाच रस्ता सांगू. खाजगी ट्रॅव्हल्समध्ये यातली एकही सवलत मिळत नाही, हे तिकीट काढण्याआधी आठवावे.

मोटारीचा मोह हिंगण्यात जास्त, कारण समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातल्या शिवमडक्याहून निघतो. 5 जून 2025 पासून तो पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला. एप्रिल 2025 मध्ये मोटारीचा टोल किलोमीटरला 2 रुपये 6 पैसे ठरला. त्या दराने शेवटपर्यंत एका बाजूचे सुमारे 1445 रुपये होतात. त्यावर इंधन. गाडीत पाच-सहा माणसे भरलेली असतील तरच हे परवडते. त्यात दिवसभर काम करून रात्री स्टिअरिंगवर बसणे आणि घासलेल्या टायरवर या रस्त्याला लागणे, या दोन गोष्टी जिवावर बेततात. दुचाकी व ऑटोरिक्षा तिथे चालतच नाहीत.

घर ते स्टेशन हा तुकडा लहान दिसतो, पण सामान-मुलांसह रिक्षावाला मागेल ते द्यावे लागते. लोकमान्य नगरहून मेट्रोची ॲक्वा लाइन गाडी न बदलता थेट नागपूर रेल्वे स्थानकापर्यंत जाते. मासे पाहायला निघालेल्यांना नावही शोभते.

खाण्याबद्दल फार सांगायला नको, घरच्या बाईला ते आमच्यापेक्षा जास्त कळते. पराठे, उकडलेली अंडी, चिवडा, खजूर एवढ्यात एक रात्र व एक सकाळ निघते. डबा आत नेऊ देतात की नाही ते फाटकावर विचारावे. देत नसतील तर बाहेर बसून पोटभर खाऊनच आत जावे. उपाशी मूल प्रत्येक टपरीपुढे थांबते. मुलांच्या हातात निघतानाच ठरावीक रक्कम द्यावी आणि त्यातच फुगा, खेळणे, आइस्क्रीम भागवायला सांगावे. रंगीत मासे घरी आणण्याचा हट्ट मात्र तिथे मोडावा. काचेची पेटी, हवेचा पंप, खाद्य असा तो दर महिन्याचा खर्च आहे, आणि रात्रभराच्या प्रवासात पिशवीतला मासा बहुधा जगत नाही.

आता ते पाचवे खाते. रोजंदारीच्या कारागिराचे तीन दिवस म्हणजे तीन दिवसांची कमाई, आणि ही रक्कम अनेकदा रेल्वेच्या भाड्याहून मोठी असते. म्हणून तारीख शाळेच्या सुट्टीइतकीच धंद्याच्या मंदीवर ठरवावी. शिंप्याने रमजान ईदच्या आधीचा महिना सोडावा. रंगकाम करणाऱ्याला पावसाळ्यात तसेही हात बांधून बसावे लागते. कारखान्यांना माल पुरवणाऱ्याने बिले वसूल झाल्यावरच निघावे. मालखरेदी जोडून केली तर दोन वह्या वेगळ्या ठेवाव्यात. स्वतःचे भाडे धंद्याला लावले तरी बायकामुलांचे लावू नये. घरचा खर्च दुकानाच्या वहीत गेला की नफा खोटा दिसतो आणि पुढच्या मालाचे भाव त्या खोट्या आकड्यावर ठरतात. आमच्या पाहण्यात चांगली चाललेली दुकाने अशीच आतून पोकळ झाली आहेत. सहलीसाठी घरातल्या घरात दर जुम्म्याला थोडे बाजूला टाकावे, नाहीतर चार घरांनी मिळून भिशी लावावी. उसने काढून सहल करू नये.

आत गेल्यावर घाई करू नका. दिलेल्या पैशांचा मोबदला तिथे मिळतो. सकाळी दार उघडताच गर्दी कमी असते व मुलांना काचेशी उभे राहता येते. खाद्य कधी घालतात ते विचारावे, त्या वेळी मासे खरे हलतात. काचेवर टकटक करू देऊ नये, फ्लॅश मारू नये.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी, सकाळी 8 वाजता उघडते. दिवाळीच्या सुट्टीत जायचे असेल तर शाळेचे वेळापत्रक आणि ऑर्डरची वही समोर ठेवून तारीख आताच काढावी, नाहीतर तत्काळचे जादा पैसे ठरलेले आहेत.